पीसी कापड डाय-प्रिंट झाल्यावर एवढं कमजोर का होतंय? ग्रेमध्ये तर हाताने फाटत नव्हतं

सोलापूरची_शिवण

नमस्कार मंडळी. सोलापुरात माझं छोटं शिवणाचं युनिट आहे, १४ मशीन, शाळांचे युनिफॉर्म शिवतो आम्ही. यंदा दोन लॉट घेतले, दोन्ही पीसी, ६७ टक्के पॉलिस्टर ३३ टक्के कॉटन असं व्यापाऱ्याने सांगितलेलं, ग्रे, म्हणजे लूमवरून उतरलेलं कोरं कापड, एकाच जागचं, इचलकरंजीचं. एक लॉट नेव्ही ब्लू डाय करून घेतला मुलींच्या ट्युनिकसाठी, आणि दुसऱ्यावर पिगमेंट प्रिंट, बालवाडीच्या एप्रनसाठी, मोठे मोठे हत्ती आणि फुगे आहेत त्यावर. ग्रे आलं तेव्हा मी स्वतः कडेला कात्रीने चीर देऊन ओढून बघितलं होतं, दम लागला फाडायला.

जूनमध्ये दिलेले ट्युनिक ऑगस्टमध्ये परत यायला लागले. काखेत, प्लेटच्या घडीवर, खिशाच्या कोपऱ्यावर, आणि फाटतं म्हणजे उसवत नाही हां, शिलाई जागेवर असते आणि तिच्या बाजूचं कापड गेलेलं असतं. एका शाळेच्या मुख्याध्यापक बाईंनी तर ट्युनिक टेबलावर ठेवून बोटाने भोक पाडून दाखवलं मला, काय बोलणार मी. एप्रनचं वेगळंच, ते नुसतं दिसायला टणटणीत आहे पण नाडी जोडली तिथून एकदा चीर गेली की सरळ हत्तीच्या पोटातून जाते आणि प्रिंट संपलं की थांबते. साध्या जागेवर तेच कापड फाटत नाही.

डायवाला म्हणतो कापडच हलकं होतं, व्यापारी म्हणतो डायवाल्याने जाळलं, आणि दोघं मिळून म्हणतात तुमच्या शिवणात दोष. रंगाने कापड कमजोर होतं का खरंच? नेव्हीचे अजून दीडेकशे मीटर पडलेत माझ्याकडे, ते शिवायचे का नाही ते पण सांगा.

अमोल_पुणे

६७ टक्के पॉलिस्टर असेल तर बोटाने भोक पडूच शकत नाही. व्यापाऱ्याने फसवलंय, पॉलिस्टर कमी घातलंय. काडी लावून बघा, गोळी झाली तर पॉलिस्टर.

जिगरवाला

अमोलराव, काडी लावून गोळी झाली म्हणजे आत पॉलिस्टर आहे एवढंच कळतं, ३० टक्के आहे का ६७ ते काडीला कळत नाही.

ताई, मी इचलकरंजीत प्रोसेसमध्ये २० वर्षं काढली, जिगरवर, म्हणजे डाईंगच्या मशीनवर, हेल्पर म्हणून लागलो, आता सॉफ्टफ्लो (तेही डाईंगचंच मशीन) आणि स्टेंटर (गरम हवेत कापड ताणून वाळवायचं मशीन) बघतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्लेला माणूस आहे. रंग कापडाला खात नाही. रंग चढवायच्या आधी आणि नंतर जे करतात ना ते खातं, आणि तेच सगळं दोनदा करायची वेळ आली तर दोनदा खातं.

आणि ग्रेवर विश्वास ठेवू नका, ग्रे फसवं असतं. उभ्या धाग्याला लूमवर तुटू नये म्हणून खळ लावलेली असते, त्यामुळे ते कडक आणि दणकट वाटतं, ती खळ आम्ही पहिल्याच दिवशी धुऊन काढतो. आता खळ गेली म्हणजे कापड कमजोरच झालं असंही नाही, कारण धुतल्यावर ते आक्रसतं, इंचात धागे वाढतात, चांगलं प्रोसेस झालेलं कापड ग्रेच्या बरोबरीने उभं राहू शकतं. म्हणून ग्रेशी तुलना करायची तर इंचातले धागे मोजून करायची, हाताच्या अंदाजावर नाही.

पीसीचा घोळ असा आहे की एका धाग्यात दोन वेगळ्या स्वभावाची माणसं नांदतात. पॉलिस्टरला डिस्पर्स कलर लागतो आणि तो १३० डिग्रीला, प्रेशरमध्ये, ॲसिडिक पाण्यात चढतो, पीएच साधारण साडेचार ते पाच. कॉटनला रिॲक्टिव्ह लागतो, तो ६० डिग्रीला मीठ आणि सोडा ॲशमध्ये, पीएच ११ च्या आसपास. म्हणजे एकाला आंबट पाहिजे आणि एकाला खारट, आणि एकाचं जेवण चालू असताना दुसरा उपाशी बसून मार खातो. पॉलिस्टर रंगताना कॉटन आंबटात १३० डिग्रीला उकळतंय. मग मधे डार्क शेडला रिडक्शन क्लिअर, म्हणजे कॉस्टिक सोडा आणि हायड्रो (रंग उतरवणारी पावडर), पॉलिस्टरवर नुसता चिकटलेला रंग काढायला. मग कॉटनचं डाईंग, सोपिंग, शेवटी परत ॲसिडने न्यूट्रल. हे सगळं नीट केलं तर थोडीफार ताकद जाते, पण घालणाऱ्याला कळत नाही एवढीच.

नीट नाही केलं तर मात्र. ॲसिटिक ॲसिड वापरलं तर ते वाळवताना उडून जातं, कापडात राहत नाही. स्वस्त पडतं किंवा वास येत नाही म्हणून कुणी ऑक्झॅलिक, सायट्रिक वापरतं, किंवा खनिज ॲसिड, ते उडत नाही. पाणी उडतं, ॲसिड मागे राहून घट्ट होत जातं, आणि स्टेंटरच्या गरमीत तिथल्या तिथे कॉटन कुरतडतं. पॉलिस्टरला काही होत नाही, म्हणून कापड बाहेर येताना टकाटक दिसतं, आणि पॅक झाल्यावरही आतलं काम चालूच असतं. दोन-चार धुण्यांत मेलेलं कॉटन भुसा होऊन निघून जातं आणि उरतं ते पॉलिस्टरचं जाळं. तुमचा बोटाने भोकाचा प्रकार मला तरी त्यातला वाटतोय.

मला तीन गोष्टी सांगा. शेड पहिल्या झटक्यात मॅच झाली होती का? फिनिशमध्ये रिंकल फ्री वगैरे काही मागितलं होतं का? आणि फाटतं ते उभं, आडवं का दोन्हीकडे?

मास्तर_टेलर

मी शिवणवाला म्हणून बोलतो, ३५ वर्षं झाली मशीनवर. बाई, आधी शिवण निर्दोष आहे हे तुम्हीच सिद्ध करा नाहीतर हे लोक तुमच्यावरच ढकलणार. भिंग घ्या, मुलांचं खेळण्यातलं असलं तरी चालेल, आणि फाटलेल्या कडेचे धागे बघा. धागा अख्खा आहे पण शिलाईपासून सरकून बाजूला गेलाय, तर ते स्लिपेज, कापडात पिक, म्हणजे आडवे धागे, कमी आहेत किंवा शिलाईला मार्जिन कमी सोडलंय. सुईच्या भोकाभोवतीच धागे कापलेत, बाकी कापड मजबूत आहे, तर सुई बोथट किंवा जाड, १६ नंबरची सुई शर्टिंगला चालवतात काहीजण, ११ किंवा १४ बस झाली. आणि धाग्याचं टोक झाडूसारखं पिंजारलेलं नसून एकदम आखूड, कापल्यासारखं तुटलं असेल, शिलाईपासून लांब पण तसंच असेल, तर मग कापड मेलेलं आहे, तिथे शिवणाचा संबंध नाही.

एक मात्र खरं, फिनिशमध्ये सॉफ्टनर नसेल ना तर चांगलं कापड पण सुई कापते. सॉफ्टनर असलेल्या कापडात सुई शिरली की धागा बाजूला सरकतो, कोरड्या कडक कापडात त्याला सरकायला जागाच नसते, सुई त्याच्या आरपार जाते. मशीनवर आवाजावरूनच कळतं, टकटक वाजायला लागतं.

सोलापूरची_शिवण

मास्तर, भिंग नव्हतं, मुलाच्या कंपासमधलं घेतलं. नेव्हीचे धागे शिलाईपासून लांब पण तुटलेत, आणि तुम्ही म्हणता तसेच आखूड तुटलेत. सुई आमच्याकडे १४ च असते.

जिगरवाले दादा, तुमची उत्तरं. न शिवलेल्या थानातून उभे दहा आणि आडवे दहा धागे काढले आणि दोन्ही हातात धरून ओढले, दोन्हीकडचे धागे फुसकन तुटतात, आवाज पण येत नाही. गेल्या वर्षीच्या त्याच व्यापाऱ्याच्या नेव्हीचा तुकडा सापडला कटिंगच्या चिंध्यांत, त्याचा धागा तोडताना बोटाला वळ उठतो. फिनिश साधंच सांगितलं होतं, झिरो-झिरो, म्हणजे नंतर आटू नये एवढंच. शेडचं मला माहीत नव्हतं म्हणून आज डायवाल्याकडच्या पोराला फोन केला, तो सहज बोलून गेला की मॅडम तुमचा लॉट पहिल्यांदा जांभळट आला होता म्हणून परत घेतला. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

लॅबवाली

टेक्स्टाईल टेस्टिंग लॅबमध्ये काम करते, रोज हेच फाडत असते म्हणून सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर सोडून द्या.

सगळ्यात आधी, ताई तुमच्या दोन तक्रारी म्हणजे दोन वेगळे आजार आहेत, एकच औषध शोधू नका. कापडाची ताकद म्हणजे एक गोष्ट नसते. एक टेन्साईल, म्हणजे ५ सेंटीमीटर रुंदीची पट्टी दोन जबड्यांत धरून सरळ ओढायची आणि किती न्यूटनला तुटते ते बघायचं, आयएस १९६९ (आयएस म्हणजे भारतीय मानक). तिथे सगळे धागे एकदम भार घेतात. दुसरी टिअर, आधी एक चीर द्यायची आणि ती पुढे फाडायला किती जोर लागतो ते बघायचं, एलमेनडॉर्फचं मशीन असतं, लंबकासारखं, आयएस ६४८९. तिथे धागे एकेक करून तुटतात. एकेक पण अगदी एकटे नाही, कापड मोकळं असेल तर चिरेच्या टोकाशी चार-पाच धागे सरकून एकत्र येतात आणि गट करून लढतात. हे लक्षात ठेवा, तुमच्या हत्तीचं उत्तर यातच आहे.

पिगमेंट प्रिंटमधला रंग धाग्यात शिरत नाही, वर बसतो, आणि त्याला बसवायला बाइंडर लागतो, ॲक्रिलिकचा, म्हणजे एक प्रकारचा डिंकच. प्रिंट मारायचं, वाळवायचं आणि १५० डिग्रीला तीन-चार मिनिटं क्युअर करायचं. हत्ती मोठा आणि भरीव असेल तर तेवढ्या जागेत उभे-आडवे धागे एकमेकांना चिकटून बसतात. मग चीर आली की धाग्यांना सरकून गट करता येत नाही, एकेक एकटा सापडतो आणि एकेक तुटत जातो, कागदासारखं. प्रिंट संपलं की धागे मोकळे होतात, गट होतो, चीर थांबते. तुम्ही जे लिहिलंय ना ते अगदी पुस्तकात असावं तसं आहे. अशा कापडाचं टेन्साईल काढलं तर बहुतेक ठीक येईल, कारण चिकटलेले धागे सरळ ओढताना एकमेकांना मदतच करतात, आणि प्रिंटर तोच रिपोर्ट तुमच्या तोंडावर मारेल. टिअरचा रिपोर्ट मागा.

प्रिंटमध्ये एक खरा धोकाही असतो. बाइंडर किंवा फिक्सर लवकर पकावा म्हणून पेस्टमध्ये कॅटॅलिस्ट घालतात, अमोनियमचं मीठ, गरम झालं की अमोनिया उडतो आणि ॲसिड मोकळं होतं. ते जास्त पडलं किंवा क्युअरिंगला कापड जास्त वेळ राहिलं तर कॉटन खरंच जळतं, दिसायला हलका पिवळेपणा येतो पांढऱ्या जागेवर. तुमच्या साध्या जागेवर फाटत नाही म्हणताय म्हणजे तसं नसावं, पण प्रिंटखालचा एक धागा काढून साध्या जागेतल्या धाग्याशी तोडून बघा.

आता नेव्ही. लोकांना वाटतं ६७ टक्के पॉलिस्टर आहे म्हणजे कॉटन मेलं तरी ६७ टक्के ताकद राहील. तसं होत नाही. पॉलिस्टर फायबर ओढलं तर २०, ३० टक्के ताणतं मग तुटतं. कॉटन ७, ८ टक्क्यांतच तुटतं. धागा ओढला की पहिला भार कॉटनवर येतो, ते आधी जातं, मग सगळा भार उरलेल्या पॉलिस्टरवर अचानक पडतो. म्हणून मिक्स धाग्याची ताकद दोघांची सरासरी नसते, काही प्रमाणाला तर ती दोघांपेक्षाही खाली जाते, ५०:५० ला हा खड्डा चांगला जाणवतो. वर आखूड तंतूंचा धागा पिळामुळे टिकतो, तंतू एकमेकांना दाबून धरतात म्हणून. त्यातला एक तृतीयांश भुसा झाला की पकडच सुटते, पॉलिस्टरचे तंतू तुटत पण नाहीत, नुसते सरकून बाहेर येतात. बोटाने भोक तेव्हा पडतं.

आणि जांभळट आला म्हणून परत घेतला, हे वाक्य मी भिंतीवर लिहून ठेवणार आहे. परत घेतला म्हणजे काय काय केलं ते विचारा. नुसतं टॉपिंग केलं, म्हणजे वरून थोडा निळा-हिरवा देऊन शेड फिरवली, तर फार बिघडत नाही. स्ट्रिपिंग केलं, म्हणजे कॉस्टिक-हायड्रोमध्ये उकळून रंग उतरवला, ब्लीच मारला आणि पहिल्यापासून १३० डिग्री परत, तर कॉटनचे हाल झालेच.

पीएच पेपर मिळतो केमिकलच्या दुकानात, शाळेच्या लॅबमध्येही असतो. न धुतलेल्या थानाचा हातभर तुकडा स्वच्छ, शक्यतो बॅटरीच्या पाण्यात (बॅटरीत भरायचं डिस्टिल्ड वॉटर, ॲसिड नव्हे) भिजवा, तासाभराने ते पाणी तपासा. ६ ते ७.५ असेल तर निर्धास्त. ४ च्या आसपास आलं तर जिगरवाल्या दादांचं खरं.

सुरतकर

लॅबवाली मॅडमनी छान समजावलं. मी जळगावचा, पण १२ वर्षं सुरतेत आहे, एक भर घालतो. ॲसिड कॉटनचं काय करतं ते बघायचं असेल तर ब्रासोची साडी हातात घ्या. त्यात पारदर्शक जाळीवर जाड फुलं दिसतात ना, ते कापड मुळात सगळं जाडच असतं, मिक्स. जिथे पारदर्शक पाहिजे तिथे ॲसिड तयार करणारी पेस्ट छापतात, गरम करतात, कॉटनचा भाग काळा पडून जळतो, घासून धुतला की गेला, पॉलिस्टर जसंच्या तसं. ती डिझाईन म्हणून केलेली जखम. ताईंच्या नेव्हीत तेच झालं, फक्त हळू आणि सगळीकडे, आणि पैसे न घेता 😀

उलटं पण आहे, पॉलिस्टर म्हणजे अमर नाही. कडक गरम कॉस्टिकमध्ये ते वरून विरघळत जातं, आमच्याकडे वेट रिडक्शन म्हणतात, कापड रेशमासारखं लुळं पडावं म्हणून मुद्दाम करतात. १५-२० टक्के वजन घालवलं की हाताला मस्त लागतं आणि ताकद जाते, हे सगळ्यांना माहीत असतं. फक्त ते करताना मोजून करतात.

अमोल_पुणे

बरं मग माझी काडी मागे घेतो. पण एक शंका, माझ्या ऑफिसच्या पॅन्टी पीव्ही असतात, त्या पण पावसाळ्यात जास्त फाटतात असं का वाटतं?

लॅबवाली

वाटत नाही, फाटतात. पीव्हीमधला व्ही म्हणजे व्हिस्कोस, ते ओलं झालं की निम्म्याच्या आसपास ताकद घालवून बसतं. कॉटन बरोबर उलटं, ओलं झालं की थोडं मजबूत होतं, म्हणून धोबी घाटावर आपटून आपटून धुतो तरी धोतर टिकतं. त्यामुळे पीव्हीच्या डाईंगमध्ये ओल्या कापडाला जास्त ताण दिला, जिगरवर खेचून चालवलं की नुकसान तिथेच होतं. सोलापूरच्या ताई, तुम्हीही एक करा, एक धागा मधोमध थुंकी लावून ओलवा आणि ओढा. नेमका ओल्या जागी सहज तुटला तर तुम्हाला पीसी म्हणून पीव्ही विकलंय.

जुनी_कपाटं

विषय थोडा सोडून, पण माझ्या वडिलांचा एक चौकड्याचा शर्ट आहे, बाकी रंग ठणठणीत आणि फक्त काळ्या रेघा कुजून गेल्यात, खिडकीच्या गजांसारख्या भेगा पडल्यात. आणि आमच्याकडच्या जुन्या कलमकारीच्या तुकड्यात पण काळी बाह्यरेषाच झडलीय. म्हणजे रंग कापडाला खातोच की!

जिगरवाला

खातो असं नाही म्हणता येत हो, पण मान्य, मी सरसकट बोलून गेलो. काळ्याची गोष्ट वेगळी आहे. शर्टातला काळा बहुतेक सल्फर ब्लॅक असणार, स्वस्त आणि पक्का म्हणून दोऱ्याला तोच देतात. त्यातला सुटा राहिलेला गंधक दमट हवेत वर्षानुवर्षं हळूहळू सल्फ्युरिक ॲसिड होत जातो आणि कपाटात ठेवल्या ठेवल्या कापड कुजतं. म्हणून सल्फर काळ्याला शेवटचं पाणी सोडा ॲश नाहीतर सोडियम ॲसिटेटचं द्यायचं असतं, ॲसिड झालं की तिथल्या तिथे मरावं. हे शेवटचं पाणी वाचवलं की आज कुणाला कळत नाही. कलमकारीचं काळं लोखंडाचं, गंजकं लोखंड आणि गूळ आंबवून करतात, लोखंड कॉटनला वाईट.

लोखंडावरून आठवलं, ब्लीचमध्ये पण तेच. पेरॉक्साईड मारताना पाण्यात, पाईपात गंज असेल, किंवा ग्रेवर लूमच्या गंजाचा डाग असेल तर त्या ठिपक्यावर पेरॉक्साईड पिसाळतो आणि बारीक भोकं पडतात, सुईने टोचल्यासारखी. आम्हाला बोअरचं पाणी वापरताना भीती असते ती हीच.

लॅबवाली

आणि काही जुन्या व्हॅट रंगांतले (कॉटनच्या पक्क्या रंगांची एक जात) पिवळे-नारिंगी उन्हात कॉटनला खरंच कुजवतात, पडद्यात दिसतं ते. म्हणजे रंग पूर्ण निर्दोष नाही दादा, ९० टक्के वेळा निर्दोष म्हणा 🙂 हा ९० माझ्या मनाचा हं, कुठल्या रिपोर्टमधला नाही.

मास्तर_टेलर

रिंकल फ्री राहिलं बघा कुणाचं. गेल्या वर्षी एका ऑफिसचे शर्ट शिवले, इस्त्री लागू नये म्हणून रेझिनचं फिनिश, कॉलरची घडी सहा महिन्यांत चिरली सगळ्यांची.

जिगरवाला

ते ठरलेलंच आहे मास्तर. रेझिन कॉटनच्या आत जाऊन त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधतं म्हणून चुरगळत नाही, आणि बांधलं म्हणूनच लवचिकपणा जातो, ठिसूळ होतं. त्याचं कॅटॅलिस्ट मॅग्नेशियम क्लोराईड, तेही गरमीत ॲसिडिकच. कॉटनची तिसरा हिस्सा ताकद सहज जाते त्यात, पीसीत पॉलिस्टर सावरून घेतं म्हणून तर ते फिनिश पीसीवर जास्त खपतं. गिऱ्हाईकाला दोन्ही पाहिजे, चुरगळायचं पण नाही आणि फाटायचं पण नाही, आणि रेट मागच्याच वर्षीचा.

आता रेटवर आलोच तर बोलतो, राग मानू नका ताई. मे महिन्यात सगळ्या महाराष्ट्राच्या शाळांचा माल एकदम येतो, प्रत्येकाला १० जूनच्या आत पाहिजे. शेवटची दोन धुणी कापली की मशीन दीड तास लवकर मोकळं होतं, पाणी आणि वाफ वाचते. मी समर्थन नाही करत, पण कापड सगळ्यात जास्त कुठे मरतं म्हणाल तर त्या दीड तासात मरतं.

सोलापूरची_शिवण

राग कसला दादा, तुम्ही निदान बोललात तरी.

अपडेट देते. थुंकीचा प्रयोग केला, ओल्या जागी तुटत नाही, म्हणजे पीसीच आहे, व्यापारी त्या बाबतीत सुटला. पीएच पेपर मुलाच्या शाळेतून आणला. इथलं बोअरचं पाणी जड म्हणून बॅटरीचं पाणी घेतलं. नेव्हीचं पाणी ४ च्या रंगावर आलं, गेल्या वर्षीच्या चिंधीचं ७ वर. तीनदा केलं, तेच. दोन्ही पट्ट्यांचा फोटो काढून डायवाल्याला पाठवला आणि विचारलं की स्ट्रिपिंग केलं होतं का आणि नंतर कुठलं ॲसिड. दोन दिवस निळी टिक येऊन गप्प. काल फोन आला, म्हणे मॅडम तुम्हाला हे कुणी शिकवलं. मग कबूल केलं, स्ट्रिप करून पहिल्यापासून डाय केला होता आणि न्यूट्रलला ॲसिटिक संपलं होतं म्हणून "दुसरं" घेतलं. दुसरं म्हणजे काय ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. नेव्हीची डाईंगची मजुरी परत देतो म्हणाला, कापडाचे पैसे नाही म्हणाला, ते भांडण चालू आहे.

हत्तीचं पण बघितलं. प्रिंटखालचा धागा आणि साधा धागा, दोन्ही सारखेच तुटतात. म्हणजे लॅबवाली ताई म्हणतात तसा नुसता बाइंडरचा चिकटपणा. त्याचं काही करता येतं का? आणि नेव्हीचे दीडेकशे मीटर सोड्याच्या पाण्यात धुऊन वापरता येतील का?

लॅबवाली

एप्रन वाचतील. सिलिकॉन सॉफ्टनरचं एक पाणी द्या, धागे परत थोडे सरकायला लागतील, टिअरमध्ये फरक पडतो. आणि नाडी जोडता तिथे आतून साध्या कापडाचा चौकोनी तुकडा लावा, चीर सुरूच होऊ नये. पुढच्या वेळी प्रिंटरला सांगा हत्ती भरीव नको, रेघांचा करा, बाइंडर कमी आणि मऊ जातीचा.

नेव्ही नका वापरू. सोड्याने धुतलं तर ॲसिड मरेल आणि आणखी बिघडायचं थांबेल, पण तुटलेल्या साखळ्या परत जुळत नाहीत, गेलेली ताकद गेली. धुऊन ठेवा मात्र नक्की, भांडण लांबलं तर पुरावा म्हणून कापड हातात राहायला पाहिजे. आणि धुवायच्या आधी मीटरभर तसंच न धुता बाजूला काढा, प्लास्टिकमध्ये, त्यावर तारीख घालून.

जिगरवाला

आणि दुसरा मीटर त्याच्यासमोर फाडायला ठेवा. ॲसिड लागलेलं कापड फाडताना चर्र असा आवाज येत नाही, ओल्या पापडासारखं येतं हातात. दहा वर्षं लाईनमध्ये काढलेला माणूस त्या आवाजावर वाद घालत नाही.

सोलापूरची_शिवण

मंगळवारी इचलकरंजीला जातेय, दोन्ही थानं घेऊन. मास्तर, १४ नंबरच्या सुया पण बदलल्या हं सगळ्या, उगाच त्यावरून बोलायला जागा नको.